वेशीपाशी पायउतार

मी सूडबुद्धीचा माणूस आहे, हे मला साठीनंतर कळलं. त्याआधी मी स्वतःला विचारी वगैरे समजत होतो. महाविद्यालयात जन्मभर इतिहास शिकवला की असा गैरसमज होतोच. शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी एकमेकांवर उगवलेले सूड वर्गात सांगताना आपण फार वर बसलो आहोत असं वाटत राहतं. स्वतःवर वेळ आली की कळतं, आपणही त्याच रांगेत आहोत, फक्त आपल्याजवळ घोडा नाही.

आमच्या जिल्ह्यात शनिशिंगणापूरला घरांना दारं नसतात, ते बघायला लांबून लांबून लोक येतात. आमच्या अख्ख्या गावाला मिळून एकच दार होतं, ते आम्ही स्वतः पाडलं, आणि ते बघायला कोणी येत नाही. हे गाव काष्टीपासून फार लांब नाही. दार म्हणजे गावाची वेस. काळ्या दगडाची, वरच्या विटा ढासळलेल्या, कमानीच्या सांध्यात पिंपळ उगवलेला. आत शिरताना उजव्या हाताला भिंतीत एक वीरगळ उभा होता. गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्या कुणा माणसाचं हे स्मारक. सगळ्यात खाली तो लढतो, मध्ये अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात, त्याच्या वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. नेमणूक, बढती आणि निवृत्ती, सगळी नोकरी एका दगडात.

गावाला वीरगळ हा शब्द माहीत नव्हता. गाव त्याला ‘येशीतला बाबा’ म्हणायचं. चालत वेशीतून आत येणारा माणूस उजवा हात बाबाला लावायचा आणि कपाळाला न्यायचा. थांबायचं नाही, बघायचं नाही, मनात काही आणायचंही नाही. मोबाईलवर बोलत येणारी पोरंसुद्धा वेस आली की मोबाईल डाव्या हातात घ्यायची. मीही हात लावायचो. देव मानत नाही म्हणून काय झालं, हात मानत होता.

वेशीला लागूनच एका म्हातारीचं घर आहे. सगळं गाव तिला आत्या म्हणतं. बाबाला रोज सकाळी तेल आणि शेंदूर लावायचं काम तिचं. तिला ते कोणी दिलं नव्हतं आणि तिच्याकडून काढून घ्यायची कोणाची छाती नव्हती.

छाती फक्त एकाची झाली. आमच्या भागातल्या कारखान्याचे ते अध्यक्ष. त्यांच्याच संस्थेच्या महाविद्यालयात मी शिकवायचो. त्यांच्या मुलाच्या लग्नात वरातीचा ट्रक, ज्याच्यावर स्पीकरची भिंत उभी केली होती, वेशीत अडकला. वरात अर्धा तास जागच्या जागी वाजत राहिली. पुढच्याच ग्रामसभेत रस्ता रुंदीकरणाचा विषय निघाला. उसाच्या ट्रॉल्यांची फार अडचण होते, असं सांगण्यात आलं. त्या वेशीतून उसाचं टिपरूसुद्धा कधी कारखान्याला गेलेलं नव्हतं; ऊस बाहेरच्या रस्त्यानं जातो.

मी उठून बोललो. वेस किती जुनी आहे, तो दगड काय आहे, बाहेरून रस्ता कसा काढता येईल, असं बरंच. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. मग माईक हातात घेऊन म्हणाले, “सर, तुमी इतिहास शिकवता का इतिहासात ऱ्हाता?”

थोडं हसू झालं. त्यांना तेवढं पुरलं नाही.

“सरांना दगड लई आवडत्यात. एक डोस्क्यात हायच, दुसरा घरी न्या म्हनावं.”

मग सगळे हसले. पुढच्या रांगेत माझे विद्यार्थी होते, तेही हसले. मला वाईट वाटलं ते विनोदाचं. इतका फुटकळ विनोद, आणि त्याला इतकं हसू.

वेस सकाळच्या चहाच्या आत जेसीबीनं खाली घेतली. बाबाला सुरक्षित ठेवतो, म्हणून अध्यक्ष वीरगळ टेम्पोत घालून बंगल्यावर घेऊन गेले. काही दिवसांनी त्यांच्याकडे सत्यनारायणाला जावं लागलं, तेव्हा तो दिसला. हिरवळीच्या कडेला बाहेरच्या नळाखाली आडवा टाकला होता. पाहुणे त्याच्यावर उभे राहून पाय धूत होते. साबणाची वडी चंद्र आणि सूर्य यांच्या मधोमध ठेवली होती. त्या जागेत ती अगदी बरोबर बसत होती. मी प्रसाद घेतला, पाय न धुता घरी आलो, आणि त्या दिवसापासून मला दोन गोष्टी परत हव्या होत्या. एक तो दगड. दुसरं ते हसू, व्याजासकट.

आत्या रिकाम्या जागी जमिनीवर तेल ओतत राहिली. मी विचारलं तर म्हणाली, “देव उचलून नेला म्हनून जागा बी नेली व्हय?”

मी निवृत्त झालो. डूख तसाच राहिला. मग एका वर्षी कारखान्याच्या संचालकांचा अभ्यास दौरा इटलीला निघाला. तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था बघायच्या होत्या. इंग्रजी बोलणारा कोणीतरी हवा होता. अध्यक्षांनी स्वतः फोन केला. “चला सर. तुमाला दगड आवडत्यात ना? तिथं नुसता दगडच हाय म्हनं.” विनोद त्यांच्या लक्षात होता. माझ्याही होता. मी हो म्हणालो. ज्याच्यावर डूख धरला आहे त्याच्या शेजारच्या सीटवर बसून नऊ-दहा तास जायला मिळणं ही काही रोजची संधी नव्हे.

दौऱ्यातल्या एका दिवशी आम्हाला डोंगरांच्या मधल्या दरीतल्या एका लहानशा गावात नेलं. दोन्ही बाजूंना चेस्टनटची रानं, खाली उथळ पण फार बडबडी नदी, तिच्यावर एका कमानीचा पाठीत वाकलेला दगडी पूल. घरांची छपरंसुद्धा दगडी फरशांची. एक उंच मनोरा, एक चर्च, चर्चच्या दाराशी दगडी सिंह. त्याचं नाक शेकडो वर्षं पोरांनी हात लावून लावून गुळगुळीत केलेलं. चौकात चार म्हातारे पत्ते खेळत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, आमच्यापैकी कोणी महत्त्वाचं नाही हे ओळखलं आणि पुन्हा पानं बघायला लागले. मला फार घरच्यासारखं वाटलं.

पण थाटमाट तिथंही होता. गावचा महापौर खांद्यावरून तिरंगी पट्टा घालून आला आणि त्यानं लांबलचक भाषण केलं. आमच्याकडून शाल, श्रीफळ आणि फेटा. फेटा बांधताना महापौर शहाण्या वासरासारखा उभा राहिला. नारळ मात्र त्याला कळेना. तो कानाशी नेऊन हलवू लागला.

“सर, सांगा त्याला, फोडायचा असतो म्हनून,” अध्यक्ष म्हणाले.

मी सांगितलं. महापौरानं नारळाकडे बघितलं, मग आमच्या संचालक मंडळाकडे, आणि नारळ हळूच मागच्या माणसाकडे दिला.

गाव दाखवायला एक निवृत्त शिक्षिका आली होती. हातात काठी, पायात जाड बूट. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही परकी असल्यामुळे आमचं छान जमलं. मध्ययुगीन मध्ययुगीन म्हणून सगळे मनोऱ्याचे फोटो काढत होते, तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली की वरचा कंगोरा माझ्या आजीपेक्षा तरुण आहे. पडला होता, पुन्हा बांधला, आता कोणाला सांगत नाही. इतिहासाच्या माणसाला इतकं खरं सहसा कोणी सांगत नाही. मला ती बाई एकदम आवडली.

शेवटी ती आम्हाला गावाच्या वेशीपाशी घेऊन गेली. दगडी, कमानीची, पण इतकी अरुंद की लादलेलं एक गाढव जेमतेम जावं. आतल्या भिंतीत एका सरदाराची झिजलेली दगडी आकृती, तिच्यापुढे बरणीत रानफुलं. काष्टीच्या बाजारात बैलाचे दात बघावेत तसे अध्यक्ष वेशीला फिरून फिरून बघत होते. मग त्या सरदाराच्या खांद्याशी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला आणि मला म्हणाले:

“कसा जपलाय बगा ह्यांनी दगूड! आपल्या लोकान्ला अक्कल न्हाई सर. असली येस पायजे गावाला.”

“होती साहेब.”

“ती पडकी हुती.”

“हीसुद्धा पडकीच होती. यांनी पाडली नाही.”

ते ऐकू आलं नसावं. अध्यक्षांना जे ऐकू येत नाही ते बहुधा ऐकण्यासारखं असतं.

शिक्षिका काठीनं वेशीच्या दोन्ही कडा दाखवत सांगू लागली. ही वेस मुद्दाम अरुंद ठेवली. कोणत्याही धन्याची गाडी, कोणाची पालखी हिच्यातून आत जाऊ शकत नाही. राजाचा माणूस असो की बिशप, इथं खाली उतरायचं आणि गावातल्या माणसांमधून पायी चालायचं. एकदा एक बिशप उतरायला तयार होईना, पालखीत बसून रागावत राहिला आणि तसाच माघारी गेला. गाव अजून दर उन्हाळ्यात त्याचं सोंग काढतं. एकाला बिशप करून वेशीपाशी बसवतात आणि सगळे मिळून हुर्यो करतात. सांगताना ती स्वतःच हसायला लागली.

“काय म्हनत्यात बाई?” अध्यक्षांनी विचारलं.

माझ्या तोंडाशी शब्द आला होता. मराठीत त्यासाठी एकच चपखल शब्द आहे: पायउतार. या वेशीपाशी प्रत्येकाला पायउतार व्हावं लागतं. घोड्यावरून उतरण्याचा हा जुना शब्द हल्ली फक्त वर्तमानपत्रात सापडतो, आणि तिथं त्याचा अर्थ खुर्ची जाणं असा असतो. मी तो शब्द गिळला.

“म्हणतात, मोठमोठी माणसं या वेशीतून गावात आली,” मी म्हणालो.

यात खोटं काही नव्हतं.

“घ्या,” अध्यक्ष संचालकांकडे वळून म्हणाले, “हीच येस बांदायची. तंतोतंत. सर, तुमी माप घ्या.”

छत्री उघडून, काठी आडवी धरून, शिक्षिकेच्या मदतीनं मी माप घेतलं. तिनं विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, आमच्याकडे एक बिशप आहे. ती एवढी हसली की पत्ते खेळणाऱ्यांपैकी एकानं मान वर केली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “सगळ्यांच्या बायकांना साबण आले, चॉकलेटं आली. तुम्ही काय आणलंत?”

“माप.”

“बरं झालं. धूळ तरी बसणार नाही त्याच्यावर.”

जुनी वेस जिथं होती तिथंच नवी वेस उठू लागली. दोन्ही अंगांनी भिंत, जशी तिकडे तशी. गाड्यांची ये-जा तोवर बाहेरच्या रस्त्यानं व्हायला लागली होती, म्हणजे मी ग्रामसभेत जे सांगितलं होतं तेच आपोआप झालं होतं. त्याबद्दल माझे आभार कोणी मानले नाहीत. ठेकेदार साधा माणूस. त्याला पायाच्या वेळीच शंका आली. एका संध्याकाळी अध्यक्ष काम बघायला आले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, आरुंद व्हतंय का वो?”

“इटलीत केवढी हाय?”

“ते सरान्ला म्हाईत.”

दोघं माझ्याकडे बघायला लागले.

“एवढीच आहे,” मी म्हणालो. “बोटभरही कमी नाही.”

“मग?” अध्यक्ष ठेकेदारावर डाफरले. “तू इटलीला गेल्तास का?”

ठेकेदार गेलेला नव्हता. काम पुढे सुरू झालं. त्या महिन्यांत मी इतका शांत झोपायचो की बायकोला काळजी वाटू लागली.

उद्घाटनाला मुंबईहून एक मोठे पाहुणे येणार होते. पाटी, मंडप, हलगी, सगळं आलं. वेशीच्या दोन्ही बाजूंना जेसीबी उभे केले. त्यांच्या सोंडांमध्ये झेंडूच्या पाकळ्या भरल्या होत्या. त्यातला एक जुनी वेस पाडणारा होता. त्याला ओळखणारे गावात निदान दोघं होते. दुसरी आत्या. ती वेशीच्या आतल्या बाजूला आपल्या ओट्यावर तेलाची वाटी घेऊन बसली होती. तिचा नेम काही उद्घाटनासाठी चुकणार नव्हता.

उघडी जीप फुलांनी मढवलेली. मागे उभे पाहुणे, शेजारी उभे अध्यक्ष, दोघांना फेटे. हलगी वाजत होती. जीप वेशीपाशी आली आणि ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. त्यानं आरसे मिटले. थोडी पुढे घेतली, थोडी मागे घेतली, पुन्हा पुढे. मग दगडावर पत्रा घासल्याचा एक आवाज आला, लांबट आणि अतिशय गोड. जेसीबीवाल्यांना वाटलं हीच वेळ, त्यांनी पाकळ्या सोडल्या. जीप अडकलेली आणि तिच्यावर फुलांचा ढीग.

“घे की आत!” अध्यक्ष ओरडले.

“साहेब, बसत न्हाई.”

“बसत न्हाई म्हंजे?”

“म्हंजे बसत न्हाई.”

पाहुण्यांना सवय असावी. समोर कॅमेरे होते. ते म्हणाले, “चला, चालत जाऊ. लोकांमधून,” आणि टुणकन उतरले. अध्यक्षांना उतरावं लागलं. कित्येक वर्षांत ते या गावात पायी आत शिरले नव्हते. पाकळ्या झटकत, फेटा सावरत ते पाहुण्यांच्या बरोबरीनं वेशीत आले.

इथवरचं माझ्या हिशेबात होतं. पुढचं नव्हतं.

वेशीत पाऊल पडताच अध्यक्षांचा उजवा हात आपोआप उठला, भिंतीकडे गेला आणि बाबा जिथं असायचा तिथं टेकला. लहानपणी रोज शाळेतून घरी येताना जसा जायचा तसा. हात नव्या गिलाव्यावर पडला आणि तिथंच राहिला. कपाळाकडे नेण्यासारखं त्याला काही लागलं नव्हतं. सगळ्यांनी तो हात बघितला. हलगीवाला थांबला. गावातल्या प्रत्येकाला तो हात माहीत होता, कारण प्रत्येकाला तसाच एक होता.

“हात कुनाला लावतोस रे बाळा?” आत्या ओट्यावरून म्हणाली. तिचा आवाज माईकला लाजवील असा. “बाबा हितं न्हाई. तुज्या नळाखाली हाय. पाय लाव जा.”

कोणी हसलं नाही. गाव आधी पाहुण्यांच्या तोंडाकडे बघतं. पाहुणे म्हणाले, “कोण बाबा?”

अध्यक्ष वळून माझ्याकडे बघायला लागले. “सर, सांगा. इटलीत ही येस अशीच हाय का न्हाई?”

“अशीच आहे,” मी पुढे होऊन म्हणालो. “तिथंही कितीही मोठा माणूस असला तरी वेशीपाशी पायउतार व्हावं लागतं. त्यासाठीच ती अरुंद बांधलीय. त्या बाईंनी सांगितलं होतं. माझ्या भाषांतरातून राहून गेलं.”

“पायउतार!” पाहुण्यांना शब्द फार आवडला. कारखान्याची निवडणूक तोंडावर आली होती. ते अध्यक्षांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “अध्यक्ष, मतदानाच्या आधीच पायउतार झालात की हो!” आणि मोठ्यानं हसले.

मग गाव हसलं. पुढे उभे होते ते हसले, भिंतीवर चढलेले हसले, जेसीबीवाला हसला, माझे विद्यार्थी, जे आता बापे झाले आहेत, हसले. संचालक मंडळानं रुमाल तोंडाला लावले. मी हसलो नाही. मी ते ऐकत होतो. एखादी चीज उसनी दिलेली असावी आणि ती धुऊन, इस्त्री करून परत यावी, तसं वाटत होतं. तो विनोदही फुटकळच होता, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात ‘अध्यक्ष वेशीत पायउतार’ असा मथळा आला. तो मी बायकोला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या वेळी ती स्वयंपाकघरात निघून गेली.

निवडणूक अध्यक्ष जिंकले. ते नेहमीच जिंकतात. पण नळाखालचा दगड त्यांना ठेवता आला नाही. बंगल्यावर येणारा प्रत्येक माणूस पाय धुवायच्या आधी खाली बघायला लागला, मग आजूबाजूला बघायला लागला आणि पाय न धुताच आत यायला लागला. एका सकाळी टेम्पो आला. ठेकेदारानं नव्या वेशीच्या उजव्या हाताला भिंत फोडून बाबाला उभं केलं. चंद्रसूर्य वर आहेत ना, ते मी दोनदा बघून घेतलं. इटलीच्या कमानीत आमचा गुरांसाठी मेलेला माणूस जरा पाहुण्यासारखा दिसतो, पण तो तिथला आहे आणि कमान पाहुणी आहे, हे दोघांनाही ठाऊक असावं. त्या शिक्षिकेला मी फोटो पाठवला. तिनं उलट विचारलं, तुमचा बिशप उतरला का?

उतरला, पण अध्यक्ष ते अध्यक्षच. बाबाच्या पायाशी त्यांनी काळ्या ग्रॅनाइटची एक पाटी बसवून घेतली. हा ऐतिहासिक ठेवा अमुक अमुक यांच्या सौजन्याने ग्रामस्थांना समर्पित, आणि त्याखाली नाव, सोनेरी कोरीव अक्षरांत. ती बघून पहिल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या तेल-शेंदूर लावत होती, तेव्हा वरून एक ओघळ निघाला आणि पाटीवर येऊन थांबला. आम्ही दोघंही तो बघत राहिलो.

“पुसू का?” मी विचारलं.

“कशापायी?” आत्या म्हणाली. “शेंदराला जागा लागती.”

तेव्हापासून मी रोज सकाळी फिरायला जाताना वेशीतूनच जातो. परतताना बाबाला उजवा हात लावतो, कपाळाला नेतो, आणि बोटांना राहिलेला शेंदूर खालच्या पाटीवर पुसतो. घाई करत नाही. कोरलेली अक्षरं असली तरी तेल-शेंदूर खोबणीत बसतो आणि वाळला की दगडासारखा होतो. आडनाव पूर्ण गेलं आहे. वडिलांचं नाव गेलं, त्याचं थोडं वाईट वाटलं. ते बरे गृहस्थ होते. स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर मात्र अजून उन्हात चमकतं. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं आहेच.